सुभेदार

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक दगड बसवलेला आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून किती जण गेले आणि त्यांतले किती परत आले नाहीत, ते त्यावर इंग्रजीत कोरलंय. सातारा जिल्ह्यात असे दगड बऱ्याच गावांत आहेत. अपशिंगे गाव तर नावापुढे ‘मिलिटरी’ लावतं. त्या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा मुलखात पोराला मिसरूड फुटलं की दोनच प्रश्न असायचे. छाती किती भरती? आणि भरती कधी हाय?

१९७० साली आम्ही दोघं साताऱ्याला भरतीला गेलो. मी आणि तो. त्याचं नाव इथं लिहीत नाही. गाव त्याला सुभेदार म्हणायचं, मीही तेच म्हणतो. आमची घरं एकाच आळीत. चौथीपर्यंत एका पाटीवर लिहिलेलं, विहिरीत एकाच दोरीला धरून पोहायला शिकलेलो. भरतीत आधी आम्हाला धावायला लावलं. मी त्याच्या पुढं होतो, हे आजही सांगतो. मग उघडं करून रांगेत उभं केलं. डॉक्टरनं माझ्या पायाकडं नुसतं पाहिलं आणि म्हणाला, “गुडघ्याला गुडघा लागतो. बाजूला हो.” खडूनं छातीवर काहीतरी खरडलं. तो मात्र घेतला गेला.

त्याला बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला पाठवायच्या दिवशी गावानं हलगी लावली. गुलालानं तो ओळखू येईना. त्याची आई विधवा, पण त्या दिवशी सगळ्या बायकांच्या पुढं उभी होती. मी मागं, गुडघे लांब लांब ठेवून उभा. पुढं मी डी. एड. केलं आणि आमच्याच गावच्या शाळेत मास्तर झालो.

त्याच्या आईला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की ती शाळेच्या दारात येऊन बसायची. पत्रावर ‘९९ ए. पी. ओ.’ असा पत्ता असायचा. फौजेचा पत्ता, गावात पाच-पन्नास घरांना ओळखीचा. मी वाचायचो: “मी खुशाल आहे. इकडे डोंगर फार मोठे. बर्फ पडतो. पैसे पाठवले आहेत, मिळाल्याचे कळवणे.” १९७१ ची लढाई झाली तेव्हा ती रोज यायची, पत्र नसलं तरी. १९७२ ला दुष्काळ पडला. सगळं गाव सरकारी कामावर खडी फोडायला जात होतं, ती पण. हातात हातोडी, डोळ्याला फडकं, आणि मुकादमाला सांगायची, “माजा ल्योक सरहद्दीवर हाय. त्यो आला की म्या न्हाई ह्यो हातोडा धरायची.”

तो रजेवर यायचा तो थोडे दिवस, आणि कमी बोलायचा. गावात बोलणारे पुष्कळ होते, त्यामुळं कोणाला त्याचं काही वाटलं नाही. ७५ साली त्याचं लग्न झालं. कधी तो नाईक झाला, कधी हवालदार, कधी सुभेदार. कोणी कोणाला सांगितलं, आता आठवत नाही. १९९५ ला तो पेन्शनीत आला तेव्हा घरावर पाटी लागली. निळ्यावर पांढरी अक्षरं: सुभेदार अमुक अमुक, निवृत्त.

तो आल्यावर गावाचा फायदाच झाला, हे आधी सांगितलं पाहिजे. गावाबाहेरच्या माळावर पहाटे पाचला तो पोरांना पळवायचा. दगडगोटे वेचून त्यानं स्वतः धावायची वाट केली. माझ्या शाळेतून गेलेली, दिवसभर पारावर बसणारी पोरं त्याच्या शिट्टीवर उठायला लागली. दोन वर्षांत तीन जण भरती झाले. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीला तो कोटावर दोन पदकं लावून शाळेत यायचा. पोरांना बर्फाच्या गोष्टी सांगायचा. डोझर दरीत गेलेला, दरडीखाली माणसं गेलेली, असलं काही सांगताना त्याचा आवाज बसायचा. त्या गोष्टी खोट्या वाटायच्या नाहीत.

पहिला खडा टाकला हवालदार अण्णांनी. ते मराठा पलटणीचे, आमच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे. त्यांचा धाकटा भाऊ ७१ ला गेला. एकदा ते हॉटेलात बशीत चहा ओतता ओतता मला म्हणाले, “गुरुजी, तुमचा दोस्त कुठल्या पलटणीचा वो?”

“मराठा. बेळगावला नव्हता का गेला?”

“गेलता. पर पलटणीचा नंबर इचारला तर ‘मागनं इंजिनेरात बदली झाली’ म्हणतो. बरं, इंजिनेरात तर इंजिनेरात. कंपनी कमांडर कोन, सुभेदार मेजर कोन, एक नाव सांगंना. मानूस बायकोचं नाव इसरंल गुरुजी, पर सुभेदार मेजराचं इसरत न्हाई.”

मी हसण्यावारी नेलं. पण खडा पडला तो पडलाच. मग दिसायला लागलं. महिन्याच्या सुरुवातीला गावचे सगळे माजी सैनिक जीप करून साताऱ्याच्या कँटीनला जात. हा एकदाही गेला नाही. त्यांच्या मेळाव्यालाही नाही. दर वेळी कंबर धरायची. २६ जानेवारीला झेंड्याला त्यानं बोडक्या डोक्यानं सॅल्यूट मारला, आणि अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. नंतर म्हणाले, “डोक्यावर टोपी नसंल तर फौजी हात उचलत न्हाई. नुस्ता सावधान हुबा ऱ्हातो. रंगरूटाला पयल्या म्हैन्यात शिकिवत्यात ह्ये.” आणि पोरांना तो सांगायचा आपण पूर्वेला होतो म्हणून. कोटावर मात्र पश्चिमी स्टार. “पूर्वेच्या लढाईचा पूर्वी स्टार येगळा. त्यो न्हाई ह्येच्याकडं.”

अण्णांनी कायदाही काढला होता. भारतीय दंडविधान, कलम १४०. सैनिक नसताना सैनिकाचा वेश किंवा खूण मिरवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर ५०० रुपयांपर्यंत दंड. “पाश्शे रुपय!” अण्णा म्हणाले. “माज्या भावाच्या पदकाची किंमत सरकारनं एवडीच धरलीया.”

आता माझं सांगतो. मी अण्णांना “जाऊ द्या, खात्री नाही” म्हणत होतो, पण घरी गेल्यावर त्याच्या एकेका गोष्टीची टाचणी टाचणी जुळवत बसायचो. बायको म्हणाली, “तुम्ही त्याच्या एवढे मागं का लागलात?” मी म्हणालो, “शाळेच्या पोरांचा प्रश्न आहे.” ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं सत्तावीस वर्षांपूर्वी साताऱ्याच्या मैदानात छातीवर खडूची रेघ घेऊन बाजूला उभं होतं.

मग जुलैत एक गोष्ट झाली आणि पोरांचा प्रश्न खरंच आला. खालच्या वस्तीवरची एक बाई शाळेत आली. नवरा नाही, एकच मुलगा, तो सुभेदाराकडं पळायला जायचा. म्हणाली, “गुरुजी, म्हस इकायची हाय. गिऱ्हाईक बघा.” कशाला, तर म्हणाली, “सुभेदारांस्नी द्याचं हाय. वर साहेबाला चारल्याबिगार भरती हुत न्हाई म्हनं.”

मला रात्रभर झोप नाही. भरतीला लावतो म्हणून पैसे उकळणारे, अंगात खाकी घालून फिरणारे भामटे तेव्हाही होते, आजही आहेत. माणसाचा हुद्दा खोटा असेल तर पुढं काय काय खोटं निघेल? आणि हा माझा मित्र. आणि त्याला शाळेत मुलांपुढं उभा करणारा मी.

त्या वर्षीचा १५ ऑगस्ट स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचा. झेंडा सरपंचांनी लावला, भाषण सुभेदाराचं. भाषणाच्या मध्येच पाऊस आला. पोरांना वर्गात कोंबताना तो पार भिजला. मी त्याला माझा टॉवेल दिला, त्याचा कोट घेऊन ऑफिसात खुंटीला लावायला गेलो. दार लोटलं. दोन्ही पदकं हातात घेतली.

अण्णांनी मला त्यांच्या भावाची पदकं दाखवली होती, म्हणून ठाऊक होतं. पदक गोल असलं तर त्याच्या कडेवर मालकाचं कोरलेलं असतं: नंबर, हुद्दा, नाव. संग्राम मेडल गोल असतं. मी ते खिडकीशी नेलं, चष्मा पुसला आणि कड फिरवत वाचली. बारीक इंग्रजी अक्षरं. हुद्दा शिपायाचा. नाव दुसऱ्याचंच.

त्या क्षणी मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. पोटातून वर आला आणि तोंडावर पसरला असावा, कारण भिंतीवरच्या आरशात मी मला दिसलो आणि पटकन तोंड फिरवलं. आपण त्याच्या पुढं धावलो होतो, असंच काहीतरी तेव्हा मनात होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माळावर गेलो. पोरं फेऱ्या मारत होती. तो दगडावर बसला होता, गळ्यात शिट्टी.

मी म्हणालो, “त्या बाईकडून पैसे घेतलेस?”

तो माझ्याकडं बघत राहिला. “कुठल्या बाईकडनं?”

मी सांगितलं. तो म्हणाला, “आली व्हती. पदरात बांधून धा हजार. म्या म्हनलं, बाई, भरतीला पैसं लागत न्हाईत. जो मागंल त्यो चोर. म्हस इकू नगंस, पोराला दूध पाज.” मग थांबून म्हणाला, “तुला काय वाटलं?”

मी काही बोललो नाही. खिशातून कागद काढला. त्यावर मी पदकाच्या कडेवरचं नाव उतरून घेतलं होतं. तो कागद त्याच्यापुढं धरला. उजेड पुरेसा नव्हता, पण त्याला वाचायची गरज पडली नाही.

पोरांच्या दोन फेऱ्या होईस्तोवर तो गप्प होता. मग बोलायला लागला, तो माझ्याशी नाही, समोरच्या माळाशी.

बेळगावला तो चार महिने होता. फायरिंगला जायला लागल्यावर उजवा कान फुटला. पू यायला लागला. दवाखान्यात ठेवलं, बोर्ड बसला आणि अनफिट म्हणून घरी जायचा कागद हातात दिला. “साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो. गावची गाडी लागलीवती. कंडाक्टर बी वळकीचा. म्हनला, काय जवान, रजा? म्या म्हनलं, व्हय. आन् दुसऱ्या दारानं उतरून पुन्याच्या गाडीत बसलो. ज्या गुलालानं धाडलं त्यो अजून कानात व्हता, मास्तर.”

पुण्यात कोणीतरी सांगितलं, सीमेवर रस्त्याच्या कामाला माणसं घेतायत. सीमा सडक संघटना. १९६० साली सुरू झालेली. तिचं मनुष्यबळ म्हणजे ग्रेफ. तिथं तो आधी नुसता मजूर, मग पायोनियर म्हणून लागला. पायोनियर म्हणजे सगळ्यांत खालची पायरी: घण, पहार, फावडं. “तितं कान बगत न्हाईत. खांदं बगत्यात.” त्याला धाडलं प्रोजेक्ट वर्तकला. आपल्याकडं वर्तक म्हटलं की वसईकडचं आडनाव आठवतं. तिकडं ते तेजपूरहून तवांगकडच्या रस्त्यांचं काम बघणाऱ्या प्रकल्पाचं नाव. भालुकपोंग, बोमडिला, सेला, तवांग. सेला खिंड तेरा हजार फुटांच्या वर. पावसाळ्यात दरडी, हिवाळ्यात बर्फ. रस्ता सकाळी करायचा आणि रात्री डोंगरानं तो गिळायचा. वर्दी खाकी, अधिकारी बरेच फौजेचे, पत्ता फौजेच्या टपालाचा. त्यामुळं गावात कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

“सांगायचं होतंस,” मी म्हणालो.

“कुनाला? तूच पत्र वाचत व्हतास न्हवं? बाहत्तर साली तूच आईच्या वतीनं लिवलंस, ‘आई खडी फोडायला जाते, पण तू काळजी करू नको, ती सगळ्यांना सांगते की माझा मुलगा सरहद्दीवर आहे.’ ते पत्र माज्या हातात आलं तवा माज्या म्होरं बी खडीचा ढीगच व्हता. तिकडं ती खडी फोडतीया, हिकडं मी खडी फोडतोय. तिला काय कळवू? तुजा ल्योक बी खडीच फोडतोय म्हनून?”

माझ्या अक्षरातलं ते पत्र मला आठवत होतं.

मी नंतर त्याची सगळी पत्रं मनात उलगडून पाहिली. मी खुशाल आहे, डोंगर मोठे, बर्फ पडतो, पैसे पाठवले. त्याच्या एकाही पत्रात खोटं नव्हतं. हुद्दा कुठल्याच पत्रात नव्हता. तो आम्ही लावला. नाईक आम्ही केला, हवालदार आम्ही केला. त्यानं फक्त नाही म्हटलं नाही. पण पाटी त्यानं लावली, आणि पदकं त्यानं लावली, हेही तितकंच खरं.

“पदकं कुठली?”

“पुन्याच्या जुन्या बाजारातली. जुन्या कुलपांच्या, घड्याळांच्या ढिगात पडलीवती. पेन्शनीत येताना घेतली. पंचवीस वर्सं राबून रिकाम्या छातीनं गावात कसा येऊ?”

“ज्याची होती तो कोण होता, माहीत आहे?”

त्यानं मान हलवली. मग हळू म्हणाला, “रातचं कवाकवा नाव वाचतो त्येचं.”

मी त्याला म्हणालो, “मी कोणाला सांगणार नाही. पण अण्णांना तू सांगायचं. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.” हे मित्राला शोभणारं बोलणं होतं की मास्तराला, मला ठरवता आलेलं नाही. पण अण्णांच्या भावाचं पदक मी हातात घेतलं होतं. ते हाताला लागल्यावर दुसरं काही बोलता येत नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी तो अण्णांकडं गेला. मला बरोबर यायला सांगितलं. पदकं रुमालात बांधून अण्णांच्या पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं, कानापासून. अण्णा मध्ये एकदाही बोलले नाहीत. त्यांनी रुमाल उघडला, गोल पदकाची कड बोटानं फिरवली.

“सेलावर म्या दोन येळा गेलोय,” ते म्हणाले. “शक्तिमान गाडीत मागं बसून. दरडीच्या जाग्याला तुमी मान्सं लाल झेंडा घेऊन हुबी असायची. फाटका कोट, पायात गमबूट. आमी वरनं हात करायचो. तुमी रस्ता केला म्हनून आमचं रेशन वर चडलं. त्याला माजा सलाम हाय. ग्रेफचा हाय म्हनून आला असतास तर म्या तुला शेजारी बसवला असता. पर ह्ये,” त्यांनी पदक उचललं, “ह्ये दुसऱ्याचं हाय. ह्याच्यामागं एकांदी बाई आसंल. एकांदी आई आसंल.”

तो पाया पडायला वाकला तर अण्णांनी पाय मागं घेतले. त्यांनी त्याला शिवी दिली नाही, पोलिसांतही गेले नाहीत. पण पुढं दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. पदकं ते साताऱ्याला सैनिक कल्याणच्या कचेरीत घेऊन गेले, नंबर-नाव लिहून दिलं आणि मूळ घरी पोचवा म्हणून अर्ज केला. ती त्या घरापर्यंत पोचली का, ते आम्हाला कळलं नाही. अण्णा असेपर्यंत पोस्टमन दिसला की विचारत असत.

सुभेदारानं त्या रात्री पाटी काढली. बायकोनं शिडी धरली. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. पेन्शनचं पुस्तक तिच्याच पेटीत असायचं. ती एवढंच म्हणाली, “बरं झालं भावजी. आता ह्यांस्नी झोप लागंल.”

माळावरची शिट्टी मात्र थांबली नाही. मला वाटलं होतं तो तोंड लपवून घरी बसेल. तिसऱ्या दिवशी पहाटे शिट्टी ऐकू आली तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो आणि मला बरं वाटलं. हे बरं वाटणं खिडकीशी पदक वाचतानाच्या आनंदापेक्षा वेगळं होतं. पोरांना त्यानं स्वतः काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. एवढं दिसलं की पुढच्या सव्वीस जानेवारीला तो शाळेत आला, पांढरी टोपी घालून, कोटाशिवाय, आणि मागच्या रांगेत पालकांत उभा राहिला. झेंडा वर गेला तेव्हा हात न उचलता सावधान उभा होता. अण्णा पुढं खुर्चीवर होते. त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं.

खालच्या वस्तीवरच्या बाईचा मुलगा पुढच्या वर्षी भरती झाला. म्हैस दावणीला होती.

२०१४ ला तो गेला. त्याच्या हाताखालची चार पोरं तेव्हा रजेवर गावात होती, आता चांगली बापय माणसं. त्यांतला एक माझ्याकडं आला. “गुरुजी, सुभेदारांवर तिरंगा घालायचा का?” मी म्हणालो, “नाही. तो मान त्यांचा नाही.” मग ते कोण होते, कुठं राबले, ते मी त्या चौघांना अंगणात बसवून सांगितलं. त्यातल्या दोघांना माहीत होतं. तो त्यांना स्वतःच बोलला होता. चौघांनी खांदा दिला आणि ओढ्यापर्यंत बदलू दिला नाही.

त्याचा मुलगा परवा भेटला, त्याला विचारूनच हे लिहितोय. गावात त्या माळाला अजून सुभेदाराचा माळ म्हणतात. मी ते दुरुस्त करत नाही; जिभेला बसलेलं नाव आता जायचं नाही. पण एखादं पोरगं थांबून विचारतं, “गुरुजी, सुभेदार कुठल्या पलटणीत होते?” तेव्हा मी खरं ते सांगतो. पलटणीत नव्हते. पलटणी ज्या रस्त्यानं वर जायच्या, तो रस्ता ते करत होते.